म्हैस सप्टेंबरात उलटली, खोट मे महिन्यातली

पूर्णाकाठ

पोळा झाला की गावागावांत तीच तक्रार सुरू होते. म्हशी माजावर येतात, सोट (माजातला चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ असतो, रेतन वेळेवर होतं आणि एकवीस दिवसांनी म्हैस पुन्हा माजावर, म्हणजे उलटली. मग दोष कधी रेतकांडीचा (गोठवलेल्या रेताच्या नळीचा), कधी रेतन करणाऱ्याचा, कधी म्हशीच्या नशिबाचा.

सप्टेंबरात एकत्र येणारी दोन बीजं सप्टेंबरात घडत नाहीत, एवढं मांडायला हा धागा काढतोय. वळूत मूळ पेशीपासून शेपटीवाला शुक्राणू तयार व्हायला ६१ दिवस लागतात, पुढे अधिवृषणातून (वृषणाला चिकटलेल्या, शुक्राणू साठवणाऱ्या नळीतून) पार पडायला आणखी ८ ते ११. हल्यात (रेड्यात) हा काळ कमी आहे, वृषणातला टप्पा सुमारे चाळीस दिवसांचा. मादीकडे हिशोब लांबतो. आज सुटणारं स्त्रीबीज ज्या पुटिकेत (बीज वाढवणाऱ्या पिशवीत) आहे तिची वाढ तीन महिने किंवा त्याआधीच सुरू झालेली असते. म्हणजे मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४६-४७ वर असताना जी पुटिका वाढीला लागली, तिचं बीज आत्ता बाहेर पडतंय.

गोठित रेताचा हिशोब आणखी वेगळा. जानेवारीत गोठवलेल्या कांडीतला शुक्राणू आदल्या नोव्हेंबरात घडायला लागला. त्याला आपल्या गावच्या उन्हाळ्याशी काही देणंघेणं नाही.

जाणकारांनी भर घालावी. नर, मादी आणि कांडी, तिन्ही बाजूंनी.

---

खारपाणपट्टा

एक सांगा जी. गावात हल्या एकच हाये. उन्हाळ्यात त्याले काही झालं नाई, चारा खाते, म्हशीवर चढते, सारं बराबर. मंग त्याच्यात खोट असंन हे समजाव कसं? अन् काहून होते ते बी सांगा.

---

पेशीवाला

खारपाणपट्टा भाऊ, चढणं हे टेस्टोस्टेरॉन या नरसंप्रेरकाचं काम आणि ते वृषणातल्या लायडिग पेशी बनवतात. शुक्राणू घडतात शेजारच्या नलिकांमध्ये, सर्टोली पेशींच्या कुशीत. उष्णतेचा मार नलिकांना आधी बसतो. त्यामुळे हल्या जोशात दिसतो आणि रेत निकामी असतं, असं सर्रास घडतं.

आता आतलं काम क्रमाने सांगतो, कारण कुठल्या टप्प्यावर मार बसला त्यावर खोट किती दिवसांनी दिसेल ते ठरतं.

नलिकेच्या कडेला मूळ पेशी असतात. सर्टोली पेशींमधून येणारं जीडीएनएफ नावाचं प्रथिन त्यांना मूळ अवस्थेत टिकवून ठेवतं. त्यांतल्या काहींना रेटिनॉइक आम्लाचा इशारा मिळाला की त्या पुढच्या वाटेला लागतात. हे आम्ल अ जीवनसत्त्वापासून बनतं. त्या इशाऱ्यावर स्ट्रा-८ हे जनुक चालू होतं आणि अर्धसूत्री विभाजनाची (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनाची) तयारी सुरू होते. नुसत्या कुटारावर आणि कडब्यावर महिनोन्‌महिने ठेवलेल्या नराचं रेत का उतरतं त्याचं एक उत्तर इथे आहे. वाळक्या चाऱ्यात कॅरोटीन जवळपास उरत नाही, आणि अ जीवनसत्त्वाविना पेशी पहिल्याच वळणावर अडतात. हिरवा चारा अर्धी पेंढी का होईना, रोज द्या.

पुढे पेशी अर्धसूत्री विभाजनात शिरते. इथे स्पो-११ हे विकर (एन्झाइम) डीएनए मुद्दाम शेकडो ठिकाणी तोडतं. आईकडचं आणि बापाकडचं गुणसूत्र एकमेकांना चिकटतं, तुकड्यांची अदलाबदल होते, तुटलेलं सांधलं जातं. सांधलं गेलं नाही तर पेशी स्वतःला संपवते. वळूत ६० गुणसूत्रांची ३० होतात, आपल्या म्हशीत ५० ची २५. ही सांधणारी अवस्था, आणि तिच्यानंतरची गोल शुक्रपेशी, उष्णतेला सगळ्यात नाजूक. मूळ पेशी चिवट असतात, म्हणूनच नर पुढे आपोआप सावरतो.

त्यानंतरचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गोल पेशीचा शुक्राणू होताना डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो ती काढून टाकली जातात आणि जागी प्रोटामिन बसतं. जिनिंगमध्ये कापूस दाबून गाठ बांधावी तसा डीएनए आवळला जातो. एकदा हा डीएनए आवळला की त्यावरचं एकही जनुक वाचता येत नाही. प्रोटामिन बनवायचा आरएनएसुद्धा त्याआधीच लिहून साठवलेला असतो. म्हणून या वेळी काही बिघडलं तर शुक्राणूला ते स्वतः दुरुस्त करता येत नाही. दुरुस्ती झालीच तर फलनानंतर स्त्रीबीज करतं, तेही त्याच्या ऐपतीप्रमाणे.

अधिवृषणात प्रोटामिनच्या साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल बांधले जातात, डीएनए आणखी घट्ट होतो. पोहण्याची क्षमताही तिथेच येते. शेपटीवरचा पेशीद्रवाचा थेंब तिथेच खाली सरकतो. सूक्ष्मदर्शकाखाली मानेजवळ थेंब असलेले शुक्राणू भरपूर दिसले तर समजा, माल कच्चा बाहेर येतोय.

---

रेतनसेवा_अचलपूर

पेशीवाला साहेब, त्या ‘किती दिवसांनी दिसेल’चा हिशोब नीट टाका की. गावात हेच विचारतात.

---

पेशीवाला

वळूचा हिशोब देतो. उष्णतेचा किंवा तापाचा मार बसला तो दिवस शून्य धरा.

पहिला आठवडा-दहा दिवस रेत बहुतेक चांगलंच दिसतं, कारण तो माल आधीच अधिवृषणात उतरलेला असतो. इथेच लोक फसतात. ताप गेला, लगेच रेत तपासलं, चांगलं निघालं, वळू सोडला. साधारण दोन-तीन आठवड्यांनी डोक्याचे दोष दिसू लागतात : नासपतीच्या आकाराची डोकी, डोक्यात पोकळ्या. मार बसला तेव्हा हे शुक्राणू गोल अवस्थेत होते. त्यानंतर येतात ते अर्धसूत्री विभाजनात सापडलेले. त्यातले बरेच मेलेले असतात, म्हणून संख्या घसरते. रेत पूर्ववत व्हायला सहा ते आठ आठवडे, जास्त मार असेल तर त्याहून अधिक.

हल्यात हेच चक्र आखूड. म्हणून मृगाचा पाऊस जूनच्या मध्यात पडून गारवा आला, तर सप्टेंबरपर्यंत हल्या सावरलेला असायला हवा. जुलैत उलटलेल्या म्हशीबद्दल हल्याचा संशय घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात मात्र पूर्णाकाठ म्हणतात तसं म्हशीच्या बीजाकडे पाहायला हवं.

लाळ्या-खुरकूत किंवा लम्पीचा ४१ अंशांचा ताप म्हणजे वृषणांसाठी भर मे महिनाच. लम्पीत तर विषाणू रेतातूनही बाहेर पडतो, त्यामुळे त्या नराचा वापर आधी पूर्ण थांबवायचा, रेताच्या दर्जाचा विचार नंतर.

---

झाडीपट्टी

वृषणं अंगाबाहेर लोंबतात ती यासाठीच. गायवर्गात अंगाचं तापमान साधारण ३८.५ आणि वृषणांचं त्याहून २ ते ६ अंशांनी कमी असावं लागतं. वृषणाच्या वर शिरांचं दाट जाळं असतं. वर जाणारं थंड रक्त खाली येणाऱ्या गरम रक्तातली उष्णता काढून घेतं. शिवाय पिशवीच्या कातडीला घाम येतो आणि स्नायू सैल होऊन पिशवी खाली उतरते. पण टिनाच्या बुटक्या छपराखाली, वारा बंद, अशा जागी बांधलेल्या हल्याला यातला एकही उपाय पुरत नाही. म्हशीवर्गात एकूणच घामग्रंथी कमी, कातडी काळी. डोबीत किंवा टाक्यात डुंबणं हीच त्यांची खरी सोय.

दुपारी ११ ते ५ झाडाखाली बांधा, पुरेसं पाणी पाजा, दोनतीन वेळा अंगावर पाणी मारा. छपरावर तुराट्या-पऱ्हाट्या टाकल्या तरी फरक पडतो. ओल्या पोत्याचे पडदे लावायचे तर वारा खेळता ठेवूनच. कोंडलेल्या जागेत दमटपणा वाढला की घाम सुकत नाही आणि उलटंच होतं.

---

खारपाणपट्टा

समजलं. आता ढेपीचं सांगा. आमच्याकडं म्हनतात सरकी खाऊन हल्या नामर्द होते. काही लोक म्हनतात बीटीमुळं होते. खरं काय?

---

कपाशीकाठ

बीटीचा इथे संबंध नाही. गोष्ट गॉसिपॉलची आहे. कपाशीच्या सरकीत, पानात, देठात ज्या काळ्या ठिपक्यांसारख्या ग्रंथी दिसतात त्यांत हे पिवळं द्रव्य असतं. किडीपासून बचावासाठी कपाशी ते स्वतःच बनवते. देशी कपाशीत होतं, संकरितात आहे, बीटीतही आहे.

माणसात याचा परिणाम आधी चीनमध्ये लक्षात आला. कच्चं सरकीतेल खाणाऱ्या गावांत मुलं होईनात. १९७० च्या दशकात तिथे पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी म्हणून हजारो जणांवर ते वापरून पाहिलं गेलं. रक्तातलं पोटॅशियम घटणं आणि काहींची क्षमता कायमची जाणं, या दोन कारणांनी तो नाद सोडावा लागला.

वळूत ते नेमकं बसतं शुक्राणूच्या मधल्या भागावर. शेपटीच्या सुरुवातीला तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) गोल गुंडाळलेल्या असतात. हालचालीला लागणारी ऊर्जा बऱ्याच अंशी त्याच पुरवतात. गॉसिपॉलने हे आवरण घडतानाच तुटक होतं, मध्ये फटी राहतात. शुक्राणू जागच्या जागी वळवळतो, पुढे जात नाही. फ्लोरिडात तरुण ब्राह्मण वळूंना रोज सुमारे ८ ग्रॅम मुक्त गॉसिपॉल जाईल एवढं सरकीचं खाद्य काही आठवडे दिलं, तेव्हा हेच दोष वाढले. पुढच्या कामात ई जीवनसत्त्व भरपूर दिल्यावर हानी कमी झाली.

आता आपला हिशोब. अख्ख्या सरकीत मुक्त गॉसिपॉल ०.५ ते ०.७ टक्के धरा. २ किलो सरकी म्हणजे १० ते १४ ग्रॅम. ही मात्रा नराला जास्तच. घाण्यातून दाबून निघालेल्या ढेपीत उष्णतेमुळे बरंचसं गॉसिपॉल प्रथिनातल्या लायसिनला चिकटून बसतं, मुक्त भाग ०.०२ ते ०.०५ टक्क्यांच्या आसपास उरतो. २ किलो ढेपीत तो १ ग्रॅमच्या आतच येतो. म्हणून ‘ढेप’ आणि ‘सरकी’ यांची गल्लत करू नका. रात्रभर भिजवून फरक पडत नाही, चांगली उकडली तर थोडा पडतो.

पैदाशीच्या नराला अख्खी सरकी देऊच नये, ढेप किलोभर पुरे, बाकी शेंगदाणा किंवा जवसाची ढेप. दुभत्या म्हशीला सरकी चालते, कारण मोठ्या जनावराच्या पोटात गॉसिपॉल बरंचसं बांधलं जातं आणि मादीच्या बीजावर त्याचा तसा परिणाम दिसत नाही. पण दूधपित्या वासराला-वगारूला अजिबात नाही. त्यांचं पहिलं पोट तयार झालेलं नसतं, हृदय निकामी होऊन मरतात.

---

रेतनसेवा_अचलपूर

+१. यात भर : मादीत गॉसिपॉल नाही, पण ढेपीचा अतिरेक दुसऱ्या वाटेने नडतो. प्रथिन जास्त आणि मका-ज्वारीसारखं ऊर्जा देणारं खाद्य कमी, असं झालं की पोटात अमोनिया वाढतो, रक्तात युरिया चढतो, गर्भाशयातली आम्लता बदलते. पहिल्या आठवड्यातला गर्भ त्यात टिकत नाही. गावात ‘खुराक वाढवला तरी उलटते’ म्हणतात, तिथे खुराक वाढवल्यामुळेच उलटते हे बऱ्याचदा खरं असतं.

---

पूर्णाकाठ

आता मादीकडे येऊ. नराचा कारखाना रोज चालतो, मादीचा साठा जन्माआधीच ठरतो. गायीच्या मादी गर्भात अर्धसूत्री विभाजन पोटात असतानाच सुरू होतं आणि मध्येच थांबतं. वगार जन्मली तेव्हा तिचं प्रत्येक बीज त्या थांबलेल्या अवस्थेत असतं, आणि माजावर येऊन ते सुटेपर्यंत तसंच राहतं, म्हणजे काही वर्षं.

साठ्यात मोठा फरक आहे. कालवडीत प्राथमिक पुटिका लाखाच्या घरात असतात, म्हशीत बहुधा दहा ते वीस हजार. प्रयोगशाळेत भ्रूण बनवण्यासाठी म्हशीकडून गायीपेक्षा कमी बीजं मिळतात त्याचं मूळ हेच.

पुटिका जागी झाली की बीज वाढतं आणि तीन कामं करतं : स्वतःभोवती चकचकीत आवरण बांधतं, लाखांच्या संख्येने तंतुकणिकांचा डीएनए साठवतं आणि पुढच्या तीनचार दिवसांसाठी लागणारा आरएनए लिहून ठेवतं. हा शेवटचा साठा विसरू नका. गायीच्या भ्रूणाची स्वतःची जनुकं ८ ते १६ पेशी झाल्यावरच जोमाने चालू होतात. तोवर तो आईने बांधून दिलेल्या शिदोरीवर जगतो. बीज वाढत असताना उष्णता, उपासमार किंवा तापामुळे ही शिदोरी अपुरी राहिली, तर फलन होतं, दोनाचे चार पेशी होतात आणि तिथेच सगळं थांबतं. बाहेरून आपल्याला दिसतं काय? एकवीस दिवसांनी परत माज.

इस्रायल आणि फ्लोरिडात दुभत्या गायींवर झालेल्या कामात हेच दिसलं. उन्हाळा संपून हवा थंड झाली तरी शरद ऋतूत बीजाचा दर्जा खाली राहिला आणि दोनतीन माजचक्रं गेल्यावर वर आला. खराब पुटिका बाहेर पडून नव्या आल्यावरच सुधारणा होते. पुटिकेच्या शेवटच्या, पाणी भरलेल्या टप्प्यालाच ४० हून जास्त दिवस लागतात, म्हणजे दोन माजचक्रं.

---

गोठाअभ्यास

इथे थोडा विरोध नोंदवतो. सगळं खापर मे महिन्यावर फोडायला लागलात तर लोक म्हणतील, चला, आपल्या हातात काही नाही. खेड्यात उलटण्याची पहिली कारणं अजूनही तीच आहेत : माज ओळखण्यातला उशीर, गर्भाशयाचा दाह आणि विण्यानंतरची हाडं दिसणारी म्हैस. हाडं दिसतात म्हणजे अंगातली चरबी वितळून रक्तात येतेय. ती मेदाम्लं पुटिकेतल्या पाण्यातही उतरतात आणि बीज त्यात वाढतं. इन्सुलिन आणि आयजीएफ-१ ही संप्रेरकं कमी असल्याने, बीज सोडवणाऱ्या एलएच या संप्रेरकाचे ठोके मंदावतात, पुटिका मोठी होते पण फुटत नाही. याचा उन्हाळ्याशी संबंध नाही, विण्याआधीच्या दोन महिन्यांतल्या खाद्याशी आहे.

सोट पाहायला शिका. स्वच्छ, लांब तार धरणारा हवा. दुधाळ, पिवळट कण असलेला सोट दिसला तर त्या माजाला रेतन करूच नका, आधी उपचार.

---

पूर्णाकाठ

मान्य. माज ओळखला गेला नाही तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

---

रेतनसेवा_अचलपूर

माज आणि वेळ. म्हैस गायीसारखी दुसरीवर फारशी चढत नाही. रात्री-पहाटे माज दाखवते, उन्हाळ्यात तर मुका (बाहेरून न दिसणारा) माजच जास्त. रेकणं, थोडंथोडं मुतणं, पान्हा चोरणं, शेपटीला चिकटलेला वाळका सोट, सुजलेला निरण (योनीचं बाहेरचं तोंड), यांवर भिस्त. सकाळी ६ आणि रात्री १० ला पाहणी करा, दुपारी पाहून काही हाती लागत नाही.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हा नियम अमेरिकेत ट्रिम्बर्गर यांच्या १९४० च्या दशकातल्या कामातून आला आणि आजही बरोबर आहे. गायीत बीज सुटतं माज सुरू झाल्यापासून २५ ते ३० तासांनी, म्हशीत माज संपल्यावर १२ ते १८ तासांनी. म्हणून म्हशीचा माज लांबला असेल तर १२ तासांनी दुसरी कांडी द्यावी.

एवढी काटेकोर वेळ का, तर दोन्हीकडे आयुष्य कमी. सुटलेलं बीज ८-१० तास चांगलं राहतं. ताजा शुक्राणू मादीच्या अंगात दीड दिवसही निभावतो, गोठवलेला मात्र १२ ते २४ तासच.

---

झाडीपट्टी

गोठवलेला कमी का जगतो? आणि हल्याच्या रेताची कांडी वळूइतकी चालत नाही असं म्हणतात, ते खरं आहे?

---

पेशीवाला

दोन्हीचं उत्तर शुक्राणूच्या पडद्यात आहे.

ताजा शुक्राणू लगेच फलन करू शकत नाही. मादीच्या मार्गात काही तास राहून तो ‘लायक’ होतो. १९५१ मध्ये चँग आणि ऑस्टिन यांनी हे वेगवेगळं दाखवलं. या काळात पडद्यातलं कोलेस्टेरॉल निघून जातं, बायकार्बोनेट आत येऊन सीएएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढवतं, कॅल्शियमची दारं उघडतात, शेपटी चाबकासारखी जोरात फटके मारू लागते. पण लायक झालेला शुक्राणू अल्पायुषी. गोठवताना आणि वितळवताना पडदा जो हादरतो त्यात ही प्रक्रिया अर्धीअधिक आधीच होऊन जाते. म्हणून घाईचा पाहुणा : लवकर तयार, लवकर खलास.

गोठवणं मुळात जमलं ते ग्लिसरॉलमुळे. १९४९ मध्ये इंग्लंडात पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी कोंबड्याच्या रेतावर ते सिद्ध केलं. आजच्या द्रावणात ग्लिसरॉल साधारण ६-७ टक्के असतं. अंड्याचा बलक घालतात तो केवळ पोषणासाठी नव्हे. वीर्यद्रवातली काही प्रथिनं पडद्यातून कोलेस्टेरॉल ओढत राहतात, बलकातले मेदकण त्या प्रथिनांना अडवून धरतात.

हल्याच्या शुक्राणूच्या पडद्यात असंपृक्त मेदाम्लं जास्त आणि ऑक्सिडीकरणापासून वाचवणारी विकरं कमी, म्हणून गोठवण्यात त्याचं नुकसान वळूपेक्षा जास्त होतं. त्यात मेलेले शुक्राणू हायड्रोजन पेरॉक्साइड सोडत राहतात आणि शेजारच्या जिवंतांना मारतात.

---

रेतनसेवा_अचलपूर

म्हणूनच कांडी हाताळताना हयगय नको. आपल्याकडे २० दशलक्ष शुक्राणू आणि वितळल्यावर निदान ५० टक्के हालचाल हे कांडीचं किमान मान. ते प्रयोगशाळेच्या दारात असतं, गोठ्यापर्यंत पोहोचतंच असं नाही.

नत्रपात्रातली (द्रवरूप नायट्रोजनच्या भांड्यातली) पातळी पट्टीने मोजत राहा. कॅनिस्टर (कांड्यांचा डबा) भांड्याच्या मानेच्या खालीच ठेवायचं, वर काढून कांड्या निवडत बसायचं नाही. चिमट्याने ५ सेकंदांत कांडी काढा आणि झटकून थेट ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद बुडवा. थर्मामीटर हवाच, बोट घालून अंदाज नको. मे महिन्यात उन्हात तापलेल्या बाटलीतलं पाणी ४५ च्या वर असतं, त्यात कांडी म्हणजे शिजवणं. तळहातावर चोळून वितळवलं तर तापमान हळू चढतं, बर्फाचे बारीक कण पुन्हा मोठे होतात आणि पडदे फाडतात. खिशातली कांडी हा तर शुद्ध आळस.

बाहेर काढल्यावर कोरडी पुसा. पाण्याचा थेंब आत गेला की तो शुक्राणूत शिरतो आणि शेपट्या गुंडाळल्या जातात. कारखान्याचं बूच असलेलं टोक रेतनाच्या गनच्या दांड्याकडे ठेवायचं, दुसरं टोक सरळ कापायचं, तिरकं नाही. गन थंडीत चोळून कोमट करा, उन्हाळ्यात सावलीत ठेवा. दहा-पंधरा मिनिटांच्या आत, ग्रीवेच्या (गर्भाशयाच्या मानेच्या) तिसऱ्या-चौथ्या कड्यापार, गर्भाशयाच्या तोंडाशी सावकाश सोडा. गर्भाशयाच्या शिंगात खोल घुसवायच्या नादात आतलं अस्तर खरचटतं.

कांडीवर वळूचा क्रमांक आणि गोठवल्याची तारीख छापलेली असते. ती वहीत लिहा. तीनचार वेगवेगळ्या गोठ्यांत एकाच क्रमांकाची, एकाच तारखेची कांडी उलटली तर मग बोट कांडीकडे दाखवायला आधार आहे. एका म्हशीवरून नाही.

---

गोठाअभ्यास

यावर एक शंका. हालचाल ५० टक्क्यांहून चांगली, तरीही एखाद्या नराच्या कांड्या कुठेच लागत नाहीत. तो काय प्रकार?

---

पेशीवाला

दोन प्रकारच्या खोटी असतात. एक, शुक्राणू बीजापर्यंत पोहोचतच नाही : शेपटी, मधला भाग, पडदा. इथे मात्रा वाढवली की भरपाई होते. दुसरी, पोहोचतो, फलन करतो, पण आतला डीएनए नीट आवळलेला नसतो, आणि भ्रूण आठवड्याभरात मरतो. इथे २० ऐवजी ४० दशलक्ष घातले तरी उपयोग शून्य. उन्हाळ्याचा मार बऱ्याच वेळा या दुसऱ्या प्रकारचा.

त्याखेरीज जनुकीय दोषही आहे. बीजाच्या आवरणातून पार झाल्यावर शुक्राणूचं इझुमो-१ हे प्रथिन बीजावरच्या जुनो प्रथिनाला धरतं. पहिलं २००५ मध्ये जपानात सापडलं, दुसरं २०१४ मध्ये इंग्लंडात. पण त्या दोघांवर काम भागत नाही. फ्लेकव्ही जातीच्या काही वळूंमध्ये टीएमईएम-९५ हे जनुक आईकडचं आणि बापाकडचं, दोन्ही तुटलेलं आढळलं. त्यांच्या रेताची संख्या, हालचाल, आकार सगळं उत्तम, गर्भधारणा मात्र शंभरात दोनसुद्धा नाही. शुक्राणू बीजाला भिडतो पण मिसळत नाही. सूक्ष्मदर्शकाने हे कधीच कळणार नाही, लागलेल्या-उलटलेल्या नोंदींवरूनच कळतं.

मिसळल्यावर काय होतं तेही सांगून टाकतो. शुक्राणू आपल्यासोबत पीएलसी-झीटा हे विकर आणतो. त्याने बीजात कॅल्शियमच्या लाटा उठतात, काही तास एकामागून एक. एलएचच्या उसळीनंतर बीजाने विभाजन पुन्हा सुरू करून दुसऱ्यांदा जिथे थांबवलेलं असतं, ते या लाटांनी पूर्ण होतं. त्याच लाटांनी बीजाच्या आतल्या कडेचे बारीक कण फुटतात, आवरण कडक होतं आणि दुसरा शुक्राणू आत येऊ शकत नाही. म्हाताऱ्या, उशिरा भेटलेल्या बीजात ही शेवटची गोष्ट ढिली पडते, दोन शुक्राणू शिरतात आणि भ्रूण बाद होतो. उशिरा रेतन केल्याचं नुकसान असंही होतं.

---

झाडीपट्टी

वगारींना लिंगनिर्धारित कांडी द्यावी का? आणि जमलं तर बेरारी शेळीच्या जुळ्यांबद्दलही कोणी सांगा.

---

पेशीवाला

एक्स आणि वाय शुक्राणूंच्या डीएनएत फरक गायीत ३.८ टक्के, म्हशीत त्याहून किंचित कमी. रंग देऊन लेझरखालून एकेक शुक्राणू वेगळा करतात, ९० टक्क्यांच्या आसपास मादी वासरं मिळतात. पण त्या धडपडीत शुक्राणू दमतो, आणि कांडीत तो साध्या कांडीच्या तुलनेत फारच कमी असतो. निरोगी, नियमित माजाची वगार किंवा कालवड असेल तरच द्या. आधीच दोनदा उलटलेल्या म्हशीला ती देणं म्हणजे पैसे पाण्यात.

शेळीचं वेगळं धागाप्रकरण होईल. एवढंच सांगतो की मेंढीत जुळ्यांचं एक जनुक, फेक-बी, पक्कं माहीत आहे. फलटणच्या निंबकर संस्थेने ते बंगालच्या गारोळ मेंढीतून दख्खनी मेंढीत आणलं. त्याने पुटिका कमी आकारातच पिकतात, म्हणून एका वेळी जास्त सुटतात.

---

खारपाणपट्टा

बरं हाये. आता शेवटचं इचारतो. आमच्या हल्याचं रेत तपासाचं तं बाटलीत धरून नागपूरले न्यावं का अकोल्याले?

---

रेतनसेवा_अचलपूर

बाटली नेऊ नका भाऊ, हल्याच न्या. काढलेलं रेत ३७ अंशांवर ठेवून काही मिनिटांतच पाहावं लागतं. एसटीत दोन तास हिंदकळल्यावर त्यात तुम्हाला फक्त मेलेलेच दिसतील आणि चांगला हल्या बाद ठरेल. अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत आणि नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पशुप्रजनन विभाग आहे, आधी फोन करून दिवस ठरवा. नेण्याआधी चार-पाच दिवस हल्याला म्हशीवर सोडू नका. दिवसात तीनतीनदा वापरलेल्या हल्याच्या अधिवृषणातला साठा रिकामा झालेला असतो, संख्या कमी येईल आणि त्यावरून काहीच ठरवता येणार नाही. नुसती हालचाल पाहून समाधान मानू नका. इओसिन-निग्रोसिनने रंगवून जिवंत-मृत मोजायला आणि डोक्याचे, मधल्या भागाचे, थेंबाचे दोष वेगवेगळे लिहून द्यायला सांगा. मधल्या भागाचे दोष जास्त निघाले तर सरकी बंद करून दोन-अडीच महिन्यांनी परत तपासा. सोबत ब्रुसेलोसिस (गर्भपात घडवणारा संसर्ग) तपासायला रक्तही द्या, त्याच फेरीत होऊन जातं.

---

खारपाणपट्टा

ठीक हाये. सरकी आजच बंद करतो, हल्याले सोमवारी नेतो.